ग्रॅव्हिटीतल्या मॅडम

आमच्या भागात नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग कंपनी विचारतात आणि मग येतो खरा प्रश्न: "काय बनवता?" याचं उत्तर एका दमात देता आलं पाहिजे. गिअर. ब्रेक शू. सायलेन्सर. सीटचं कव्हर. माझे वडील एका मोठ्या कंपनीच्या फौंड्रीत होते. ते "इंजिनाचे ब्लॉक" म्हणायचे, समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या गप्पा सुरू व्हायच्या.

माझी मात्र पंचाईत. मी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात काम करते. बरीच वर्षं परदेशात काढून परत आले, निगडीला आईवडिलांकडेच राहते आणि रोज सांगवीवरून पूल ओलांडून पलीकडच्या एका संशोधन संस्थेत जाते. तिथे दिवसभर कागदावर आकडेमोड करते. विश्व अगदी सुरुवातीला, म्हणजे सगळं सामान एका ठिपक्याहूनही लहान जागेत कोंबलेलं असताना, गुरुत्वाकर्षण कसं वागत असेल, हा माझा विषय. त्यातून मी बनवते काय? बहुतेक दिवशी चुका.

आईनं यावर सोपा तोडगा काढला होता. कुणी विचारलं की ती म्हणायची, "कॉलेजात शिकवते." मी शिकवत नाही. पण आई म्हणते, एवढं चालतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असं चालत नाही. ते मराठवाड्यातून तरुणपणी इथे आले आणि जन्मभर सरळ रेषेत बोलले. बागेत फिरायला येणाऱ्या त्यांच्या निवृत्त दोस्तांना त्यांनी एकदा खरं सांगून पाहिलं, "पोरगी विश्वाच्या सुरुवातीचा हिशेब करायलीय." त्यावर एका दोस्तानं विचारलं, "मग ऑडिट कोण करतं?" आणि दुसऱ्यानं हळूच विचारलं, "लग्नाचं बघताय ना पण?"

त्यानंतर अण्णांनी उत्तर कापून लहान केलं. "ग्रॅव्हिटीत आहे," ते म्हणू लागले. आणि चमत्कार झाला. लोकांचे प्रश्न थांबले. बागेतले काका मला पाहून हात वर करू लागले. एकानं तर "ग्रॅव्हिटीला आता लई डिमांड आहे" असंही सांगितलं. मला वाटलं, विज्ञानाचा प्रसार होतोय.

तो कसला प्रसार होता, ते मला नंतर कळलं. ॲल्युमिनियमचा रस लोखंडी साच्यात ओतायचा आणि तो आपल्याच वजनानं खाली बसू द्यायचा, या ओतकामाला आमच्याकडे नुसतं 'ग्रॅव्हिटी' म्हणतात. निगडी ते चाकणच्या पट्ट्यात "पोरगी ग्रॅव्हिटीत आहे" याचा अर्थ एकच होतो, आणि तो चांगला होतो. रसात हवा अडकली की पार्टमध्ये बारीक पोकळी राहते. तिला म्हणतात ब्लो होल. ब्लो होल निघालं की पार्ट रिजेक्ट. या धंद्यातला निम्मा रक्तदाब त्या भोकांमुळे वाढतो.

आणि विश्वाच्या सुरुवातीखेरीज मी काम करते ब्लॅक होलवर.

एका दुपारी फोन आला. पलीकडे मोठ्या आवाजाचा, घाईतला माणूस.

"मॅडम, नमस्कार. अण्णांकडून नंबर घेतला. तळवड्याच्या पुढं आपलं छोटं युनिट हाय. तुम्ही ग्रॅव्हिटीत ना?"

"हो."

"होलवर काम करता म्हणं?"

"त्यावरच करते," मी म्हणाले. मला आनंद झाला होता. आपल्याकडचा एक कारखानदार ब्लॅक होलबद्दल विचारतोय!

"आमी लई तरास काढलाय हो त्या होलचा. डोक्याची मंडई झाली."

मला वाटलं, हे गृहस्थ मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतात. "अवघडच आहेत ती समजायला," मी धीर दिला.

"बाहेरनं काय दिसतच न्हाई."

"नाहीच दिसत."

"मग आत काय चाललंय ते कळायचं कसं?"

"आत काय चालतं ते खरं सांगायचं तर कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

मग तो माणूस फार आदरानं म्हणाला, "मॅडम, इतकं खरं बोलणारा कन्सल्टंट आजवर मला भेटला न्हाई."

त्यानं खंडेनवमीचं आमंत्रण दिलं. त्या दिवशी भट्टी बंद असते, मशिनांची पूजा होते, घरची माणसं आणि कामगार सगळे जमतात. तेव्हा दोन शब्द सांगा, म्हणाला. मी हो म्हटलं. पुढचे काही दिवस संध्याकाळी बसून चित्रं काढली. तारा कसा कोसळतो, प्रकाश कसा अडकतो, सगळं सोपं करून. अण्णा माझ्या खांद्यावरून ती चित्रं बघायचे आणि "हं" म्हणून निघून जायचे. मी येतो बरोबर, असं ते स्वतःहून म्हणाले. इस्त्रीचा शर्ट काढला. मिश्यांना कात्री लावली. आई म्हणाली, "तुमचं काहीतरी चाललंय." अण्णा म्हणाले, "माझं काय चालायलंय? पोरीचं भाषण आहे."

त्या युनिटच्या जागी पूर्वी कांद्याची शेतं होती. आता पत्र्याच्या शेडांची रांग. मालक दारातच भेटला. चाकणजवळच्याच गावचा. बापजाद्यांच्या रानात दोघा भावांनी हे युनिट टाकलेलं. आत मशिनांना झेंडूच्या माळा, प्रत्येक हॅण्डलला हळदकुंकू, प्रसादाच्या पेढ्यांची परात. पंख्याच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीवर मालकाची आई, नऊवारी नेसलेली, पाय वर घेऊन बसली होती. तिच्या एका अंगाला थोरली सून, म्हणजे मालकाची बायको. दुसऱ्या अंगाला धाकटी, म्हणजे त्याच्या भावाची. मध्ये म्हातारी नसती तर त्या दोघींमध्ये आणखी एक मशिन मावलं असतं.

समोर फ्लेक्स लावला होता. लाल अक्षरांत: 'ब्लो होल : कारणे व उपाय. मार्गदर्शन : ग्रॅव्हिटी तज्ज्ञ डॉक्टर मॅडम.'

फ्लेक्सखालच्या टेबलावर रिजेक्ट पार्ट ओळीनं मांडले होते. कुणीतरी भक्तिभावानं त्यांनाही एकेक फूल वाहिलं होतं.

मी अण्णांकडे वळले. ते वरच्या क्रेनकडे बघत होते.

"अण्णा, हे ब्लो होल आहे."

"असू दे की. होल ते होलच असतंय."

"अण्णा!"

"शाल आणलीय त्यांनी. नारळ आणलाय. आता काय परत जातीस? बोल, बोल. खोटं नको बोलू, बस."

तेवढ्यात शाल खांद्यावर पडली, टाळ्या वाजल्या आणि माइक हातात आला. माइकची शिट्टी वाजली. मी सगळ्यांकडे पाहिलं. निळ्या गणवेशातले कामगार, त्यांची बायकामुलं आणि पुढच्या रांगेत वही उघडून बसलेला क्वालिटीचा सुपरवायझर.

"मी ज्या होलवर काम करते," मी सुरुवात केली, "ती तुमच्या होलपेक्षा जरा मोठी आहेत."

सुपरवायझरनं पेन उघडलं. "किती एमएम?"

"आपल्या सूर्याएवढ्या वजनाचं घेतलं तर साधारण निगडीपासून इथपर्यंत येईल."

त्याचं पेन थांबलं. त्यानं मागे वळून दाराबाहेर, निगडीच्या दिशेला पाहिलं. "म्हणजे जॉब पूर्ण स्क्रॅप," तो म्हणाला.

"पूर्ण. त्यात टाकलेलं काहीच परत मिळत नाही. उजेडसुद्धा."

"रीवर्क?"

"होत नाही."

मागून एक कामगार म्हणाला, "आपलं बरंय मग, भावा." सगळी शेड हसली. त्या हशातच मी खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, नावाचा घोटाळा झालाय. मी ओतकामातली नाही. माझी ग्रॅव्हिटी म्हणजे वरून टाकलेली वस्तू खाली पडते ती. माझं होल आकाशातलं. तुमच्या भोकांवर माझ्याकडे काहीही उपाय नाही.

हसू एकदम मावळलं. मालकानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी परातीकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावरून कंटेनर गेला, त्याचा आवाज फार वेळ पुरला. मी माइक खाली ठेवणार, तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, "आगं पर मग तू बनवतीस काय?"

तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मोठमोठ्या परिषदांमध्ये मला लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारलेत, पण इतका अवघड कुणी विचारला नव्हता. मी काढलेली चित्रं पिशवीतच होती आणि ती काढावीत असं वाटेना. मग जे सुचलं ते बोलत गेले.

"आजी, असं समजा, हे जग दोन जावा चालवतात. थोरली मोठ्या वस्तू सांभाळते. सूर्य, चंद्र, पृथ्वी, हे सगळं तिच्याकडे. तीच ग्रॅव्हिटी. धाकटीकडे अगदी बारीक वस्तू. अणू आणि त्याच्या आतलं सगळं. दोघीही आपापल्या कामात पक्क्या. आजवर दोघींच्या कामात कुणाला खोट काढता आलेली नाही."

"बरं."

"फक्त दोघींच्या चुली वेगळ्या. थोरलीचं म्हणणं, सगळं कसं रसासारखं सलग वाहिलं पाहिजे. धाकटीचं म्हणणं, नाही, सगळं चिमटीचिमटीनंच मिळणार. थोरली प्रत्येक गोष्ट ठरल्यासारखी करते. धाकटी कुठे आहे ते सांगते, तर कुठे निघाली ते सांगत नाही. आणि कुठे निघाली ते सांगितलं, तर आहे कुठे ते कळत नाही."

मालकाचा धाकटा भाऊ फसकन हसला. का हसला ते मला तेव्हा कळलं नाही. मी रंगात आले होते.

"एरवी काही बिघडत नाही. घर मोठं आहे, दोघी दोन टोकांना. पण ब्लॅक होलच्या पोटात आणि जगाच्या सुरुवातीला जागा इतकी कमी असते की दोघींना एकाच चुलीपाशी उभं राहावं लागतं. वजन प्रचंड म्हणून थोरली पाहिजे, आकार बारीक म्हणून धाकटी पाहिजे. आणि तिथे दोघींचं पटत नाही. हिशेब मांडला की उत्तर येतच नाही. त्या दोघींना एका चुलीवर कसं आणायचं, हे मी शोधते."

इतका सन्नाटा माझ्या कुठल्याही व्याख्यानात पडलेला नाही. कामगार जमिनीकडे बघत होते. सुपरवायझरनं वही मिटली. थोरल्या सुनेचा चेहरा लाल झाला होता आणि धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अण्णांनी माझी शाल मागून ओढली आणि पुटपुटले, "आगं, यांच्या घरात दोन चुली आहेत. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तुम्ही मला सांगितलं नाही!"

"तू जावांवर बोलणार हे मला काय ठाऊक? तुझ्या चित्रात तर तारे होते."

आणि मग म्हातारी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळी खुर्चीच हलायला लागली. "आगं, हिला आपल्या घरातलं कुणी सांगितलं?" ती सुनांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली. "ही तर आपलीच कहाणी सांगतीया!" ती हसली म्हणून मालक हसला, मालक हसला म्हणून कामगारांना मोकळीक मिळाली, आणि मग तो हशा आवरेना.

पुढे जे प्रश्न आले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. एकानं विचारलं, "ताई, कुणी मध्यस्थी केली न्हाई का?" मी म्हटलं, जगभरचे लोक करतायत, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. दुसऱ्यानं विचारलं, सुरुवातीच्या आधी काय होतं? मी म्हटलं, माझा स्वतःचा अंदाज असा की आधीचं एक जग होतं. ते आक्रसत आक्रसत आलं आणि चेंडूसारखी उसळी मारून पुन्हा पसरलं. तेच आपलं. त्यावर तो काळजीनं म्हणाला, "मग त्या जगात गुरुवारची सुट्टी होती का?" आमच्या पट्ट्यात कारखाने गुरुवारी बंद असतात. मी म्हटलं, त्याचा पुरावा अजून सापडलेला नाही.

पेढे वाटताना थोरल्या सुनेनं माझ्या हातावर दोन ठेवले आणि विचारलं, "त्या थोरलीचं चुकतंय तरी काय?"

"काहीच चुकत नाही," मी म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

हे असं चालू असताना अण्णा गप्प बसतील कसे? त्यांनी टेबलावरचा एक रिजेक्ट पार्ट उचलला, फूल बाजूला ठेवलं, पार्ट कानाशी धरून नखानं वाजवला आणि मालकाला म्हणाले, "साचा नीट तापत नाही तुमचा." मालकानं मान हलवली. सुपरवायझरनं पुन्हा वही उघडली. माझं भाषण वाया गेलं तरी ग्रॅव्हिटी तज्ज्ञाच्या वडिलांमुळे कार्यक्रम सार्थकी लागला, असं सगळ्यांना वाटलं.

(पुढे मालकाचा फोन आला होता. साचा जास्त तापवून पाहिला. "अण्णांना सांगा, भोकं आधीपेक्षा जास्त येत्यात. पण आता सगळी एकाच साइजची येत्यात." मी निरोप पोचवला. अण्णा म्हणाले, "सुधारणा आहे." ते जन्मभर लोखंड ओतत होते, ॲल्युमिनियमला त्यांनी कधी हातही लावला नव्हता, ही माहिती आईनं त्या दिवशी दिली.)

परत येताना रिक्षात मी त्यांना धरलं. फ्लेक्सचा फोटो त्यांना मालकानं आधीच पाठवला होता की नाही? होता, ते म्हणाले.

"मग मला दाखवला का नाही?"

"दाखवला असता तर तू आली असतीस का?"

रिक्षा तळवड्याच्या चौकात अडकली होती. अण्णा म्हणाले, "हे बघ. खरं सांगितलं की लोक 'अरेरे' म्हणल्यासारखं तोंड करायचे. ग्रॅव्हिटी म्हणलं की बाकावर सरकून जागा द्यायचे. मी कशाला मोडता घालू?" आणि जरा थांबून, "पण ते जावांचं आज कळलं मला. एवढी वर्षं तू सांगायलीस, मी मान हलवायलोय. आज कळलं. ते आधी का नाही सांगितलंस?"

"आजच सुचलं, अण्णा."

"हां. मग बरं झालं की आलो ते."

मी रस्त्याकडे तोंड फिरवलं, कारण मला हसू येत होतं आणि ते नुसतं हसू नव्हतं.

दसरा झाला आणि थोरल्या सुनेचा फोन आला. रविवारी जेवायला या, अण्णांनाही घेऊन या. मी हो म्हटलं. फोन ठेवते तोच धाकटीचा आला. रविवारी जेवायला या. मी म्हटलं, आत्ताच तुमच्या जाऊबाईंना शब्द दिला. ती म्हणाली, "त्यांच्याकडं जेवा की. मग माझ्याकडं जेवा. मधी फक्त अंगण हाय."

त्यामुळे त्या रविवारी मी आणि अण्णा एकाच घरात दोनदा जेवलो. थोरलीकडे मासवडीचा रस्सा आणि भाकरी. तिनं वाढता वाढता विचारलं, "तुमच्या लोकांना काय वाटतं, हट्ट कुणी सोडावा?"

"बहुतेकांना वाटतं, थोरलीनं."

माझ्या ताटात पुढची भाकरी जरा वरून पडली.

अंगण ओलांडून धाकटीकडे गेलो. तिथे भरलं वांगं आणि पुरी. तिनंही तेच विचारलं. मी सावध होते. म्हटलं, धाकटीलाही थोडं बदलावं लागेल, असं म्हणणारेही आहेत.

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"माझं रोज बदलतं."

"आणि तुम्हाला त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो."

तिनं थोडा विचार केला आणि आणखी एक वांगं वाढलं. दया आल्यासारखं.

अण्णा अंगणातल्या बाजेवर आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. मी म्हातारीपाशी ओट्यावर बसले. ती सुपारी कातरत होती. दोन्ही दारांकडे एकदा नजर टाकून ती माझ्या कानाशी आली.

"तुला एक सांगू का? त्या तुझ्या जावांचं काय करायचं ते कर. इथं मातर समजूत घालाया येऊ नको. मी सकाळी हिच्याकडं जेवती, सांजच्याला तिच्याकडं. दोघीबी ईर्षेनं करत्यात. दोन्हीकडं गरम मिळतं. चूल एक झाली तर मला कोण विचारतंय?"

मी तिला वचन दिलं.

तेवढ्यात दोन्ही दारांतून दोघी एकदमच बाहेर आल्या. दोघींच्या हातात ताकाचा एकेक पेला. दोघी अंगणाच्या मधोमध थांबल्या. कुणी आधी पुढे यायचं, यावर काही क्षण गेले. म्हातारी स्वतःच उठली, दोघींच्या हातांतून दोन्ही पेले घेतले, पाठ फिरवून कुठला कुणाचा ते कळणार नाही असे उलटेपालटे केले आणि एक माझ्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "आणि चांगलं झालंय म्हण. जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हणाले. दोघींनीही मान हलवली.